समुद्रावरील रिकामा दिवस : विहारनौकांवरील उतारूंच्या दिनचर्येचा विचार

१

आगबोटींच्या इतिहासावर आजपर्यंत जें लेखन झालें आहे, तें बहुतांशीं जहाजांचा आकार, वेग, मालक आणि अपघात यांविषयींचें आहे. जहाज एका बंदरांतून निघून दुसऱ्या बंदरास लागेपर्यंत मध्यें जे दिवस जात, ते उतारू कसे घालवीत, हा प्रश्न गौण मानला गेला. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या रिकाम्या दिवसांना लोक भीत असत, तेच दिवस विकत घेण्यासाठीं ते पैसे मोजूं लागले. निघालों तेथेंच परत यावयाचें आणि मधले दिवस सुखानें घालवावयाचे, एवढ्याच हेतूनें जहाजावर चढणारा उतारू त्यापूर्वीं क्वचितच आढळतो. त्याचा दिवस कसा घडला, तो कोणीं घडविला आणि त्याची हकीकत कोणत्या कागदांत सांपडते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

या विषयाचीं साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिलीं उतारूंच्या रोजनिश्या, पत्रें व प्रवासवर्णनें. मराठींत पंडिता रमाबाईंचें ‘इंग्लंडचा प्रवास’ (१८८३) हें पत्ररूप पुस्तक याच वर्गांतलें होय. दुसरीं कंपन्यांचीं छापील पत्रकें : जाहिराती, भोजनाच्या याद्या आणि दररोजचे कार्यक्रम. तिसरीं जहाजावरील नोकरांच्या याद्या, करारनामे व त्यांना लागू असलेले कायदे. पहिल्या साधनांवरून उतारूनें काय केलें तें कळतें. दुसऱ्यांवरून त्याच्यापुढें काय मांडलें होतें तें कळतें. आणि तिसऱ्यांवरून हा सर्व खटाटोप कोणाच्या अंगावर होता तें कळतें. तिन्ही एकत्र ठेवून वाचल्यावांचून या दिवसाचें खरें चित्र उभें राहत नाहीं, असें आमचें मत आहे.

२

इ. स. १८४४ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्रज कादंबरीकार थॅकरे हा पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे आपल्याकडे पी. अँड ओ. या नांवानें प्रसिद्ध असलेल्या, कंपनीच्या आगबोटींतून भूमध्य समुद्राच्या सफरीस निघाला. जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, जाफा व कैरो अशी ही फेरी होती. कंपनीनें त्यास तिकीट फुकट दिलें होतें. १८४६ सालीं त्याचें प्रवासवर्णन निघालें आणि कंपनीस आपल्या देणगीचें पुरेपूर मोल मिळालें. या बोटी टपालाच्या होत्या; विहार हा त्यांचा आनुषंगिक उद्योग होता. थॅकरेच्या वर्णनांत बंदरें ठळक आहेत. समुद्रावरील दिवसांच्या वांट्याला मुख्यतः ओकाऱ्या आणि कंटाळा आला आहे. वाफेच्या बोटीवरील मौजेच्या प्रवासाच्या आरंभींच लेखक आणि जाहिरात यांची अशी गांठ पडली होती, हें साधनांचें मोल ठरवितांना विसरतां कामा नये.

याहून मोलाचें उदाहरण ‘क्वेकर सिटी’ या अमेरिकन जहाजाचें आहे. हें जहाज ८ जून १८६७ रोजीं न्यू यॉर्कच्या धक्क्यावरून सुटलें आणि १९ नोव्हेंबर रोजीं परत आलें. तिकीट १,२५० डॉलर होतें. उतारूंमध्यें मार्क ट्वेन होता. त्याचें पुस्तक १८६९ मध्यें प्रसिद्ध झालें. ट्वेन हा विनोदी लेखक, तेव्हां त्याच्या शब्दावर कितपत विसंबावें, अशी शंका कोणी घेईल. परंतु मेरी फेअरबँक्स या सहप्रवासी बाईंनीं ‘क्लीव्हलंड हेरल्ड’ पत्राकडे पाठविलेलीं पत्रेंही उपलब्ध आहेत, त्यामुळें एका साक्षीला दुसरीची जोड मिळते.

या जहाजावरील दिनक्रम पाहण्यासारखा आहे. न्याहारीनंतर डेकवर फेऱ्या मारणें; फळीवर खडूनें चौकोन आंखून लाकडी चकत्या काठीनें सरकविण्याचा खेळ; पाऊस आला म्हणजे आंत बसून डॉमिनो; संध्याकाळीं दिवाणखान्यांत प्रार्थना; आणि प्रार्थनेनंतर त्याच मेजांवर रोजनिशी लिहिणें. पहिल्या आठवड्यांत बहुतेक मंडळी मोठ्या निष्ठेनें रोजनिशी लिहीत होती. पुढें पुढें पुष्कळांच्या वह्या कोऱ्या राहूं लागल्या. एकदां उतारूंनीं लुटुपुटूचें न्यायालय भरविलें. एका खोलींतून अंगरखा चोरल्याचा आरोप जहाजाच्या हिशेबनिसावर ठेवण्यांत आला. न्यायाधीश, वकील, पंच, साक्षीदार सर्व नेमले गेले. नाचही झाले, परंतु जहाज एका अंगास कललें कीं नाचणारी सर्व मंडळी त्याच अंगास घसरत जात.

यांत मुख्य गोष्ट ही कीं, खेळ, न्यायालय, नाच यांपैकीं बहुतेक सर्व उतारूंनीं स्वतः उभें केलें होतें. कप्तानाकडून त्यांस जागा, दिवे आणि जेवण मिळे. रिकामा वेळ भरण्याचें काम ज्याचें त्यानें किंवा सर्वांनीं मिळून करावयाचें होतें. हा मुद्दा पुढें उपयोगी पडणार आहे.

३

विहारनौका ही स्वतंत्र जात निर्माण होण्यापूर्वीं समुद्रावरील दिवसाचा सांचा टपालाच्या बोटींवर तयार झाला होता. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा उघडला आणि मुंबई ते इंग्लंड हा मार्ग सलग झाला. या मार्गावरील दिनचर्येचीं वर्णनें विपुल आहेत. म्हणून मुंबई ते एडन हा टप्पा नमुन्यादाखल घेतों. अंतर सुमारें १,६५० सागरी मैल. ताशीं पंधरा मैल चालणारी बोट दिवसास ३६० मैल कापी. म्हणजे साडेचार दिवसांहून कांहींसा अधिक काळ चहूंकडे पाण्याखेरीज दुसरें कांहीं दिसत नसे.

दिवसाची सुरुवात उतारूंच्या इच्छेनें होत नसे. पहाटे खलाशी अनवाणी पायांनीं डेक धूत. तांबड्या समुद्राच्या उन्हाळ्यांत खोल्यांत झोपणें अशक्य होई, तेव्हां बिछाने वर आणवून पुरुष एका बाजूस व स्त्रिया दुसऱ्या बाजूस निजत. पाण्याच्या बादल्या आल्या कीं सर्वांस उठावें लागे. याच उकाड्याशीं एक आख्यायिका जोडलेली आहे. सावलीच्या बाजूच्या खोल्या, जातांना डावीकडच्या आणि येतांना उजवीकडच्या, धनिक लोक राखून ठेवीत, आणि त्या तिकिटांवरील आद्याक्षरांवरून ‘पॉश’ हा शब्द निघाला, असें सांगतात. अशीं अक्षरें छापलेलें एकही तिकीट किंवा कंपनीचा एकही कागद आजवर पुढें आलेला नाहीं. आख्यायिका गोड असली तरी ती इतिहासांत घेतां येत नाहीं.

पुढें स्नानासाठीं रांग, न्याहारी, अकरांच्या सुमारास गोमांसाच्या सुरव्याचे पेले, एक वाजतां टिफिन, चार वाजतां चहा, संध्याकाळीं पोषाख बदलण्याची सूचना देणारी घंटा अथवा तुतारी, आणि मग रात्रीचें जेवण. इतक्या वारंवार खाण्याचें कारण भूक नव्हे. ज्या दिवसाला बाहेरून कसलीच खूण नाहीं, त्याचे भाग पाडण्याचें दुसरें साधनच नव्हतें. जहाजाची घंटा दर अर्ध्या तासास एकेक टोला वाढवीत चार तासांनीं आठ टोले देई. तो खलाशांच्या पहाऱ्याचा हिशेब होता. उतारूंचा हिशेब जेवणांवर चाले.

घड्याळाचा भरवसा नसे, त्याचें कारण निराळेंच आहे. मुंबई आणि एडन यांच्या रेखांशांत सुमारें २८ अंशांचें अंतर आहे. एका अंशास चार मिनिटें याप्रमाणें दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळांत पावणेदोन तासांहून अधिक फरक पडतो. म्हणून पश्चिमेकडे जातांना जहाजावरील घड्याळ दररोज वीसबावीस मिनिटें मागें सारावें लागे. ‘क्वेकर सिटी’ पूर्वेकडे जात असल्यामुळें तेथें घड्याळ पुढें करीत. आणि आपलें घड्याळ मागें पडतें म्हणून यंत्राला दोष देणाऱ्या एका भोळ्या उतारूचें चित्र ट्वेननें काढलें आहे.

मध्यान्ह हा दिवसाचा खरा उत्सव असे. अधिकारी सूर्याचा वेध घेऊन जहाजाचें स्थान ठरवीत, आणि चोवीस तासांत किती मैल तोडले तो आंकडा फलकावर लावीत. या आंकड्यावर पैजा लागत. मैलांच्या संख्यांच्या चिठ्ठ्या काढीत, मग त्यांचा लिलाव होई. ज्याची संख्या जमे त्यास जमलेली रक्कम मिळे. नौकानयनाचें अत्यंत गंभीर कर्म आणि उतारूंचा जुगार एकाच आंकड्यावर येऊन ठेपत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

खेळांसाठीं उतारू आपल्यांतूनच एक समिति निवडीत. दोराच्या कड्यांचे खेळ, चमच्यांत अंडें धरून शर्यत, बटाटे वेंचण्याची शर्यत, डोळे बांधून खडूनें काढलेल्या डुकराला डोळा देण्याचा खेळ, सोंगांचा नाच, आणि शेवटीं गाण्याचा जलसा. अटलांटिकवरील बोटींत या जलशाची वर्गणी बहुधा खलाशांच्या अनाथ मुलांच्या संस्थांकडे जाई.

परंतु हा दिवस सर्वांस सारखा नव्हता. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीनें निघालेल्या मोहनदास गांधींनीं आपल्या आत्मकथेंत लिहून ठेविलें आहे कीं, इंग्रजी बोलण्याचा संकोच, कांट्याचमच्यांची अनोळख आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचें अधैर्य, यांमुळें ते बहुतेक खोलींतच बरोबर नेलेली मिठाई व फळें खाऊन राहिले. ज्या मेजामुळें इतरांचा दिवस सुसह्य होई, त्याच मेजामुळें या उतारूचा दिवस अवघड झाला. प्रवासवर्णनांतील ‘आपण सर्व’ या शब्दांत कोण येतें आणि कोण येत नाहीं, हें अशा एकाच साक्षीवरून ध्यानांत येतें.

४

केवळ विहारासाठीं जहाज वेगळें काढण्याचा प्रयत्न १८८१ सालीं झाला. पी. अँड ओ. नें विकलेली ‘सिलोन’ ही जुनी बोट घेऊन एका इंग्रज मंडळीनें ती विहारनौका बनविली आणि पृथ्वीप्रदक्षिणेस पाठविली. तथापि हा धंदा ज्यानें पायावर उभा केला, तो हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचा आल्बर्ट बॅलिन होय. उत्तर अटलांटिकवर हिंवाळ्यांत उतारू कमी, तुफानें फार. मोठीं जहाजें धक्क्याला पडून राहत. हा तोटा भरून काढण्यासाठीं बॅलिननें २२ जानेवारी १८९१ रोजीं ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही जलद आगबोट २४१ उतारू घेऊन कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे पाठविली. तो स्वतः बरोबर होता. सफर सुमारें दोन महिने चालली. सांगावयाचें तात्पर्य, विहारयात्रा ही मूळ जहाजांच्या बेकारीवर काढलेली तोड होती. मालकाचें रिकामें जहाज आणि धनिकाचा रिकामा वेळ यांचा हा सौदा होता.

१९०० सालीं त्याच कंपनीनें ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुइझे’ हें जहाज मुद्दाम विहारासाठीं बांधविलें. त्यांत फक्त पहिला वर्ग होता. १२० खोल्या, ग्रंथालय, व्यायामशाळा आणि हौशी छायाचित्रकारांसाठीं अंधारखोलीसुद्धां होती. १६ डिसेंबर १९०६ रोजीं जमैकाच्या किनाऱ्यावर खडकांत चढून तें नष्ट झालें. इंग्रजांकडेही १९०४ सालीं पी. अँड ओ. नें आपली ‘रोम’ बोट नव्यानें सजवून ‘व्हेक्टिस’ या नांवानें विहारास लावली. आतां दिवस भरण्याचीं साधनें जहाजाच्या आराखड्यांतच येऊं लागलीं. १८९९ च्या नोव्हेंबरांत ‘सेंट पॉल’ जहाजावर मार्कोनीच्या बिनतारी यंत्रानें आलेल्या बातम्यांचें पत्रक छापलें गेलें; त्यानंतर थोड्याच वर्षांत जहाजावरील दैनिक पत्र ही नेहमींची गोष्ट झाली, आणि समुद्रावरील एकांतवास संपला.

पहिल्या महायुद्धानंतर या धंद्यास भर आला. क्यूनार्ड कंपनीची ‘लॅकोनिया’ १९२२ च्या नोव्हेंबरांत न्यू यॉर्कहून निघून सुमारें १३० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. अमेरिकेंत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. परकी निशाणाच्या जहाजांवर किनारा सुटतांच ती संपे, म्हणून केवळ त्यासाठींच लहान सफरी निघत. १९२९ नंतरच्या मंदींत कंपन्यांनीं ओस पडलेलीं जहाजें स्वस्त सफरींस लाविलीं. पूर्वीं उन्हापासून जपणारे उतारू आतां मुद्दाम उन्हांत पडूं लागले. उघड्या डेकवर पोहण्याचे तलाव व वाळवंटाचा आभास आले. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, उतारूंच्या समितीचें काम कंपनीच्या पगारी मनुष्याकडे गेलें. खेळ, नाच, पैजा, सोंगें सर्व तीच. पण आतां तीं छापील कार्यक्रमांत वेळेसह येऊं लागलीं.

हा बदल किती दूर जाऊं शकतो, याचें उदाहरण जर्मनींत दिसतें. १९३३ सालीं स्थापन झालेल्या नाझी राजवटीच्या ‘आनंदांतून शक्ति’ या संस्थेनें कामकऱ्यांसाठीं सफरी काढल्या. १९३८ सालीं सेवेंत आलेलें ‘विल्हेल्म गुस्टलोफ’ हें जहाज वर्गभेदाशिवाय बांधलें होतें. परंतु उतारूंमध्यें गुप्त पोलिसांचे हेर वावरत, आणि कोण काय बोललें, कोण कसें वागलें, याचे अहवाल पाठवीत. ते अहवाल आज इतिहासाचें साधन झाले आहेत. मनुष्याच्या रिकाम्या वेळेची व्यवस्था दुसऱ्याच्या हातीं गेली म्हणजे तिच्याबरोबर आणखी काय जातें, हें त्यांवरून कळतें.

५

१९५८ सालीं जेट विमानें अटलांटिकपार नियमित जाऊं लागलीं आणि प्रवासासाठीं जहाज ही कल्पना थोड्याच वर्षांत मावळली. राहिला तो केवळ रिकामा दिवस. आतां त्याचाच धंदा करावयाचा होता. १९६६ च्या डिसेंबरांत ‘सनवर्ड’ हें जहाज मायामीहून कॅरिबियन समुद्राच्या नियमित विहारास लागलें. हल्लींच्या विहारव्यवसायाचा आरंभ बहुधा तेथून मानतात. १९९९ च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ वर बर्फावर घसरण्याचें मैदान आणि चढण्याची भिंत आली. २०२४ च्या जानेवारींत सेवेंत आलेलें ‘आयकन ऑफ द सीज’ हें जहाज सुमारें २,४८,००० टनांचें असून त्यांत जास्तींत जास्त ७,६०० उतारू व सुमारें २,३५० नोकर मावतात. जुगारखाने आणि करमुक्त दुकानें बंदरांत बहुधा बंद ठेवावीं लागतात, समुद्रावर उघडतां येतात. म्हणून ज्या दिवशीं बंदर लागत नाहीं, तो दिवस कंपनीस विशेष किफायतीचा असतो. पहिल्या आगबोटींवर जो दिवस उणा समजला जाई, तोच आतां जमेच्या बाजूस गेला आहे.

इतिहासकाराच्या दृष्टीनें याचा एक परिणाम झाला आहे. १८६७ च्या उतारूंनीं आपला दिवस स्वतः रचला आणि त्याची नोंदही स्वतः ठेवली. आजच्या जहाजाचा दिवस शेंकडों ओळींच्या कार्यक्रमपत्रिकेंत आगाऊ लिहिलेला असतो. परंतु पत्रिका म्हणजे पुरावा नव्हे. तींत अकरा वाजतां नाच शिकविण्याचा वर्ग आहे, एवढ्यावरून कोणी नाचलें हें सिद्ध होत नाहीं. पुढील काळाच्या संशोधकास कार्यक्रमांचे ढीग मिळतील. त्या वेळीं कठड्याशीं उभें राहून पाण्याकडे पाहणारा मनुष्य मात्र त्यांत सांपडणार नाहीं.

६

आतां तिसऱ्या साधनांकडे वळूं. वर वर्णिलेल्या दिवसांत डेक कोणी धुतला, बिछाने कोणीं वर आणले, सुरव्याचे पेले कोणीं फिरविले? मुंबईच्या मार्गावरील पी. अँड ओ. च्या बोटींपुरतें याचें उत्तर निश्चित देतां येतें, आणि तें आपल्या अगदीं घरचें आहे. डेकवरील खलाशी बहुधा रत्नागिरी जिल्ह्यांतील व गुजराथच्या किनाऱ्यावरील असत; त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. भट्ट्यांपाशीं कोळसा घालणारे आगवाले बहुधा पंजाबी व पठाण. आणि जेवणघरांत वाढणारे, खोल्यांत चहा नेणारे, ते गोव्याचे ख्रिस्ती. या सर्वांच्या बोलण्याची एक मिश्र हिंदुस्थानी भाषा होती. तिच्यासाठीं टॉमस रोबकनें १८११ सालींच इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश छापला होता. गोऱ्या अधिकाऱ्यांस ती शिकावी लागे.

रविवारीं पांढरे स्वच्छ कपडे घालून हे खलाशी डेकवर ओळींत उभे राहत आणि कप्तान त्यांची पाहणी करी. उतारूंच्या वर्णनांत हा देखावा वारंवार येतो; समुद्रावरील करमणुकींत त्याचीही गणना होत असे. एरवीं त्याच वर्णनांत या माणसांस नांव नसतें. कायद्यांत मात्र त्यांचें मोजमाप सांपडतें. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यानें गोऱ्या खलाशास राहण्यासाठीं ७२ घनफूट जागा ठरविली होती; हिंदी कायद्याखालीं भरती केलेल्या खलाशास ३६ घनफूट. १९०६ मध्यें गोऱ्यांची जागा १२० घनफूट झाली. हिंदी खलाशी त्या वाढींतून वगळले गेले. उतारूस ज्या दिवसांत काय करावें हें सुचत नव्हतें, त्याच दिवसांत चार तासांच्या पहाऱ्यांत विभागलेलें आयुष्य कोंकणांतला मनुष्य त्याच्या पायांखालीं ३६ घनफुटांत कंठीत होता. जहाजावरील आठ टोल्यांची घंटा दोघांनींही ऐकली. अर्थ मात्र एकासच होता.

या माणसांच्या रोजनिश्या आम्हांस ठाऊक नाहींत. पण म्हणून साधनेंच नाहींत असें नव्हे. मुंबईंत धोबीतलाव व माझगांव या भागांत गोव्याच्या खलाशांनीं गांवोगांवच्या नांवानें चालविलेल्या ‘कूड’ या वसतिगृहांची परंपरा आहे. सफरीसफरींच्या मधल्या काळांत मंडळी तेथें उतरत. अशा संस्थांच्या नोंदी, कोंकणांतील घराघरांत पडलेले नोकरीचे दाखले, कप्तानांनीं दिलेलीं शिफारसपत्रें, घरीं पाठविलेल्या पैशांच्या पावत्या व पत्रें, हें सर्व संशोधनाचें साहित्य आहे. पेशव्यांच्या दप्तरांतील चिठोरें जपण्यास आपण शिकलों. आगवाल्याचा दाखलाही त्याच काळजीनें जपला पाहिजे, कारण तो कागद गेला कीं त्या मनुष्याचें नांव सांगणारें दुसरें कांहीं बहुधा उरत नाहीं.

७

एकंदर विवेचनावरून आम्हांस दोन गोष्टी सिद्ध झाल्या असें वाटतें. समुद्रावरील रिकामा दिवस निसर्गानें दिलेला नाहीं. तो प्रथम उतारूंनीं आपल्या बुद्धीनें भरला, पुढें कंपन्यांनीं तो भरून विकला. आणि या फेरफारांत उतारू कर्त्याचा ग्राहक झाला. दुसरी गोष्ट अशी कीं, दोन्ही काळीं त्या दिवसाचा भार तिसऱ्याच माणसांनीं वाहिला, आणि आगबोटींच्या काळांत त्यांतील पुष्कळ आपल्या किनाऱ्याचे होते. पहिल्या गोष्टीचा इतिहास न्यू यॉर्क, हॅम्बुर्ग आणि लंडन येथील कागदांवरून लिहितां येतो, व तो लिहिला जातही आहे. दुसरीचा इतिहास रत्नागिरी, मालवण आणि गोवा येथील पेट्याकपाटांतून काढावा लागेल. तें काम परक्यांनीं करावें अशी अपेक्षा धरणें योग्य नव्हे. ज्यांच्या घरीं अशीं कागदपत्रें असतील, त्यांनीं तीं वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वीं त्यांच्या नकला तरी कोणत्याही संशोधनसंस्थेच्या स्वाधीन कराव्यात, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.